पैलवानाच्या हातचा डंबेल

मित्रांनो, मी एक जुना डंबेल आहे. आरशासमोर रांगेत मिरवणारे ते रबरी, रंगीत डंबेल तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नव्हे. मी नखशिखांत लोखंडाचा आहे, माझा रंग कधीच उडून गेलाय आणि माझं बोलणं जरा फटकळ आहे. आता लोखंडाने गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये, लेथ मशीनवर झाला. तिथे लोखंड तासून त्याला आकार देणारा एक तरुण टर्नर होता. अंगाने अगदी काटकुळा. म्हणून सोबतच्यांनी त्याचं नाव ठेवलं पैलवान. पंखा लावायच्या आधी ते त्याला विचारायचे, पैलवान, उडून नाही ना जाणार? तो बिचारा हसून मान खाली घालायचा. एकदा मात्र ते त्याच्या मनाला फार लागलं. त्याने फोरमनला विचारून एका मोडक्या मशीनचा दांडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तासून तासून आम्हा दोघांना घडवलं, मला आणि माझ्या जुळ्या भावाला. मूठ त्याने स्वतःच्या पंजाच्या मापाची केली. दुसऱ्या कुणाच्या हातात मी आजही नीट बसत नाही.

मग काय विचारता! रोज पहाटे उठायचं आणि आम्हाला वर-खाली करायचं. काही वर्षांत पैलवानाचे खांदे भरले, छाती भरली. नाव तेच राहिलं, पण त्यातली चेष्टा गेली.

पैलवानाचं लग्न झालं आणि आम्हा भावांची ताटातूट झाली. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. घरात आल्या आल्या तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या भावाला उचलून सरळ आपल्या कटिंगच्या टेबलावर नेलं. बेतताना कापड सरकू नये म्हणून तिला वजन हवंच होतं. पैलवान कुरकुरला, तर म्हणाली की एकानेच उजवा-डावा करा, बिघडत काही नाही. तेव्हापासून भावाच्या वाट्याला मऊ मऊ कापडं आली आणि माझ्या वाट्याला घाम. हेवा वाटायचा मला, खोटं कशाला बोलू?

दिवस असे मजेत चालले होते. त्यांना एक मुलगी झाली, ती मोठी झाली, नोकरीला लागली. पैलवान निवृत्त झाला. मावशीने त्याच्यासाठी निळ्या चौकटीचं कापड आणलं, त्याचं माप घेतलं, टेबलावर कापड पसरून खडूने शर्टाच्या खुणा केल्या आणि वर माझ्या भावाला ठेवलं. कात्री शोधायला म्हणून ती वळली आणि तिथेच कोसळली.

अर्धांगवायूचा झटका होता. मावशी वाचली, पण तिचा उजवा हात आणि उजवा पाय कायमचा गेला. बोलणंही तुटक झालं. टेबलावरचं ते कापड तसंच राहिलं. ते उचलू नये असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणाचा हात धजावला नाही.

त्यानंतर मावशीला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर, सगळं पैलवानच उचलून नेई. कामाला बाई ठेवून पाहिली होती. पण परक्या हाताने मावशी आक्रसून जायची, डोळ्यांत पाणी आणायची. पैलवानाचा हात पाठीखाली गेला की मात्र ती निर्धास्त व्हायची. तो तिच्या कानाशी म्हणायचा, "धर गं घट्ट," आणि ती आपल्या चांगल्या हाताने त्याची मान धरायची. लोक म्हणत, या वयात एवढी ताकद! मी कोपऱ्यातून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, अहो, ती ताकद कुठून आली ते जरा इकडे बघा की.

आणि मग पैलवानालाच कॅन्सर निघाला. प्रोस्टेटचा. मित्रांनो, पुरुषांच्या ओटीपोटात, लघवीच्या पिशवीखाली ही एक लहानशी ग्रंथी असते. डॉक्टरांनी किरणांचे उपचार सुरू केले आणि सोबत एक इंजेक्शनही ठरवून दिलं. पुरुषाच्या अंगात बळ भरणारा जो हार्मोन असतो, त्याच्यावरच हा रोग पोसतो. म्हणून हे इंजेक्शन तो हार्मोनच बंद करून टाकतं. रोगाचं खाणं तुटतं, पण माणसाचे स्नायूही झडायला लागतात, हाडं विरळ होतात. पैलवानाला बसल्या जागी अंगातून वाफा आल्यासारखं व्हायचं, दरदरून घाम फुटायचा. कधी कारण नसताना रडू यायचं. त्याची त्याला फार लाज वाटायची.

तरी तो मला सोडत नव्हता. थोडं का होईना, उचलायचा. पण दवाखान्यात नर्स म्हणाली होती, हाडं ठिसूळ होतील, जपा. त्या एका शब्दाने लेकीचा जीव टांगणीला लागला. जपायचं म्हणजे वजन उचलायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. एके दिवशी वडील झोपलेले असताना तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, रिकाम्या डब्यांच्या मागे ढकलून दिलं.

राग आला मला. पण कुणावर काढणार? ती खाली उतरली आणि ओट्यापाशीच कितीतरी वेळ मुसमुसत राहिली, ते मला चादरीतूनही ऐकू येत होतं. वाईट हेतूने करणारं माणूस असं रडत नाही.

पैलवानाने मला पलंगाखाली शोधलं, कपाटामागे शोधलं. मग त्याला उमजलं. लेक घाबरली आहे, तर तिचंच बरोबर असेल, असं म्हणून त्याने शोधणं सोडलं. एका घरात दोन माणसं एकमेकांना जपत होती आणि तिकडे पैलवानाचे दंड वाळत चालले होते. खाली काय चाललंय ते मला आवाजांवरून कळायचं. पैलवान चपला घासत चालायचा. मावशीला उचलताना पूर्वी तो गुणगुणायचा, आता नुसता धापा टाकायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं; थोडं मी माळ्यावरून ऐकलं, बाकीचं पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. मावशीला खुर्चीत ठेवता ठेवता त्याचा गुडघा लचकला आणि दोघंही पलंगाला टेकत टेकत जमिनीवर बसली. लागलं नाही कुणाला. पण त्याला काही केल्या उठता येईना आणि तिला तर येणारच नव्हतं. लेक कामावरून येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. तो सारखा म्हणत होता, माफ कर गं, माफ कर. तेव्हा मावशी आपल्या तुटक बोलीत म्हणाली, "पैलवान... पंखा... बंद करा." तो हसला. हसता हसता हुंदके देऊ लागला.

त्या आठवड्यात लेकीने एका संस्थेत चौकशी केली. अंथरुणाला खिळलेल्यांची तिथे चांगली सोय होती, असं ती म्हणत होती. मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवण सोडलं. पैलवान एवढंच म्हणाला की डॉक्टरांना एकदा विचारून बघू, मग ठरवू.

डॉक्टरांनी हाडांच्या तपासण्या पाहिल्या आणि त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती एक ठेंगणी, ठसकेबाज बाई होती. पुढे ती घरी यायला लागली तेव्हा मी तिला पाहिलं. लेकीने मला नंतर रडत रडत सांगितलं, म्हणजे मला पुसता पुसता ती स्वतःशीच बोलत होती, की बाईंनी पहिलाच प्रश्न केला, यांचा व्यायाम कुणी बंद केला? या इंजेक्शनवर असलेल्या माणसाला व्यायाम औषधाइतकाच लागतो. जपायचं म्हणजे बसवून ठेवायचं नाही, बेताने आणि शिकून करायचं.

लेकीने स्टूल घेतलं आणि स्वतःच मला खाली काढलं. वडिलांसमोर ठेवून म्हणाली, "बाबा, मीच लपवला होता."

"ठाऊक होतं मला," पैलवान म्हणाला.

मला वाटलं, आता आपलं राज्य आलं. कसलं काय! बाईंनी मला बघून नाक मुरडलं. आधी खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मग रबरी पट्टा ओढायचा. मग पाण्याची भरलेली बाटली उचलायची. एका बाटलीने माझी जागा घेतली, मित्रांनो! पण बाईंचं खरं होतं. पुढे त्यांनी मला त्याच्या हातात देऊन छातीशी धरायला सांगितलं आणि तसंच उठ-बस करायला लावली. मावशीला उचलतानाही कमरेतून वाकायचं नाही, मांड्यांवर जोर घ्यायचा, तिला अंगाशी घट्ट धरायचं, हेही शिकवलं. मावशी पलंगावरून बघायची. तो थांबला की तिच्या चांगल्या हाताचं बोट वर व्हायचं. अजून एकदा!

पाऊस ओसरला तेव्हा पैलवानाने मावशीला पुन्हा एकट्याने उचललं. लेक हात पुढे करून शेजारी उभी होती, तिला हात लावावा लागला नाही. संस्थेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

माझी गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

थंडीत मावशीला ताप आला, तो छातीत उतरला. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा सगळं आधीच आटोपलं होतं. ती माणसं मावशीला स्ट्रेचरवर घ्यायला वाकली. पैलवान म्हणाला, "थांबा. तिला परका हात चालत नाही." त्याने मांड्यांवर जोर घेतला, तिला अंगाशी धरलं आणि उचललं. सवयीने म्हणालाही, "धर गं घट्ट." मानेला धरायला हात काही वर आला नाही. मी लोखंडाचा आहे, पण त्या वेळी मला बघवलं नाही.

त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. इंजेक्शनं चालू होती, दंड पुन्हा वाळायला लागले. माझ्यावर धूळ साचली. बाई येऊन समजावून गेल्या. तो म्हणायचा, उचलायचं कुणाला आता?

एका सकाळी लेक कटिंगच्या टेबलाजवळ गेली. मग माझ्या भावाला उचलून तिने वडिलांच्या उजव्या हातात दिलं आणि मला डाव्या. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं शेजारी आलो. ते निळ्या चौकटीचं कापड तिने त्याच्या खांद्यांवर लावून पाहिलं. खडूच्या खुणा दोन्ही बाजूंनी बाहेर राहिल्या. त्याचे खांदे आत, खूप आत गेले होते.

"मी हा शर्ट शिवून घेणार आहे," ती म्हणाली. "पण खुणा आईच्या आहेत. त्या मी बदलू देणार नाही. बाबा, तुम्हालाच त्यांच्यापर्यंत यावं लागेल."

पैलवानाने आमच्यावरच्या मुठी आवळल्या. मग त्याने आम्हाला उचललं. एकदा, आणि मग सवयीने पलंगाकडे पाहिलं. तिथे बोट वर करायला कुणी नव्हतं. लेकीने हळूच आपलं बोट वर केलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याला जरूर जपा. पण जपता जपता त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा, नीट शिकून घ्या आणि मग त्याच्या शेजारी उभे राहा. माळ्यावर माझ्यासारखं काही लपवून ठेवलं असेल, तर खाली काढा.

शर्ट शिवून आलाय. खुंटीला टांगलाय. पैलवान रोज व्यायाम झाला की तो घालून बघतो. खांदे अजून ढगळच आहेत.

तो शर्ट परत खुंटीला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हाला उचलतो.