पत्त्याला शिवलेले हात

सेनांदुंगला समुद्र सोडून सगळ्याला नवा रंग लागला होता. आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात चैत्रालीला वाटायचं, समुद्रावरूनही कुणीतरी ब्रश फिरवून गेलंय. स्टाफची बस पूल ओलांडून बेटावर आली की सकाळच्या वाफाळ हवेत आधी मोठं चक्र दिसायचं. पाळण्यांत कुणी नाही आणि चक्र आपलं चाचणीसाठी हळूहळू फिरतंय. मग गुलाबी आणि पिस्ता रंगाची हॉटेलं, कारंजी, किनाऱ्यालगतची नवी फरशी, आणि अगदी टोकाला कॅसिनो.

एके काळी या गावात पाय ठेवायला जागा नसे. मग साथ आली, पाहुणे आटले, चक्राला गंज चढला आणि कारंज्यात बेडूक राहायला आले. सेनांदुंगचं नाव काढलं की टॅक्सीवाले इथल्या इंग्रजीत म्हणायचे, "देअर? ऑल डेड ऑलरेडी, लाह!" शेवटी दहा महिने पूल बंद ठेवून, निम्मं पाडून, निम्मं बांधून, आता ते पुन्हा पाहुण्यांसाठी उघडणार होतं.

चैत्राली तिथल्या कॅसिनोत डीलर होती. म्हणजे टेबलामागे उभं राहून पत्ते वाटायचे. चौदा वर्षं ती हेच करत होती आणि फार सुरेख करत होती. उद्घाटनाआधी महिनाभर सराव चालला होता, पण खेळायला कुणी नव्हतं. चाळीस टेबलांवर चाळीस डीलर रिकाम्या खुर्च्यांपुढे पत्ते मांडायचे, नसलेल्या माणसाकडे बघून हसायचे, नसलेल्या माणसानं जिंकलं की अभिनंदनही करायचे. कॅसिनोच्या नव्या दिवाणखान्याला समुद्राच्या बाजूनं भिंतच नव्हती, नुसती काच होती. पाण्यावरचा उजेड छतावर हलत राहायचा. पत्ते वाटता वाटता चैत्रालीला वाटायचं, आपण झोपेत आहोत आणि ही झोप मोडू नये.

या कामाचा एक नियम होता. टेबल सोडताना दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच झटकायचे, मग उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. बघा बाबा, काही लपवलेलं नाही. चौदा वर्षांत ही सवय हाडीमाशी खिळली होती. घरी भात वाढून झाला तरी तिचे हात आपोआप झटकून उलटसुलट व्हायचे. तिची लेक अवनी खिदळायची, "ममा, नो कॅमेरा हिअर, लाह!"

आणि नेमकं हेच शैलाताईंच्या डोळ्यांत भरलं.

शैलाताई म्हणजे चैत्रालीची आई. दरवर्षी नाशिकहून तीन महिने परदेशी, लेकीच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये राहायला यायच्या. लेक सेनांदुंगला हॉटेलात नोकरीला आहे, एवढंच त्यांना माहीत. सेनांदुंगला सात हॉटेलं होती, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं, असं चैत्राली स्वतःला समजवायची. पण स्वतःची समजूत काढणं सोपं असतं, आईची काढायची कशी?

कारण चैत्राली दहा वर्षांची असताना, एका दिवाळीत, तिचे वडील विश्वासराव क्लबात रमी खेळताना शैलाताईंच्या पाटल्या हरून आले होते. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर शैलाताई म्हणाल्या होत्या, "पत्त्याला शिवलेल्या हातचं पाणी मी पिणार नाही." आणि बाई बोलली तशी वागली. पंगतीत विश्वासराव पाण्याचा तांब्या घेऊन फिरले, तर ही भांडं पालथं घालायची. घरात स्वतः उठून माठातलं घ्यायची. विश्वासराव गेले त्याला सहा वर्षं झाली, पण हा नेम काही मोडला नव्हता.

म्हणजे मोडला होता. तो मोडला आहे हे फक्त चैत्रालीला ठाऊक होतं. रोज सकाळी ती पाण्याचा पेला आईच्या हातात द्यायची. आई घटाघटा प्यायची आणि म्हणायची, "बरं वाटलं गं."

तर शैलाताईंनी लेकीचे ते उलटसुलट होणारे तळहात पाहिले आणि त्यांचा ऊर भरून आला. सकाळी उठल्याबरोबर तळहात बघायचे, ही शिकवण त्यांनीच लेकीला लहानपणी दिली होती. परदेशात राहून पोरीनं ती नुसती टिकवली नाही, वाढवली! त्यांनी आपल्या मनानं अर्थही लावून टाकला: हातात होतं ते देवापाशी ठेवलं, आता रिकाम्या हातानं उठते. हा अर्थ त्यांनी सेरंगूनच्या भजनी मंडळात सांगितला. मंडळाच्या प्रमुख क्षिप्राताईंना तो इतका आवडला की पुढच्या गुरुवारपासून आरतीनंतर अकरा बायका तळहात झटकून देवाला उलटसुलट दाखवू लागल्या. चैत्रालीनं ते पाहिलं आणि हसावं की रडावं तिला कळेना.

"सांगून टाक आता," तिचा नवरा अभय म्हणाला. तो पाया लेबार भागात अकाउंटंट होता आणि घरातली लपवाछपवी त्याला मुळीच सोसत नसे. "अजून एखादं वर्ष गेलं तर नाशिकलाही हा प्रकार सुरू होईल."

ती उद्या सांगू म्हणत राहिली. आणि एका संध्याकाळी शैलाताई खुशीत घरी आल्या.

"उद्या तुझं हॉटेल बघायला येतेय मी! क्षिप्रानं बस ठरवलीय. सेनांदुंग उघडायच्या आधी त्यांना सरावासाठी पाहुणे हवेत म्हणे. जेवण फुकट, चक्रात बसणं फुकट."

फुकट म्हटल्यावर मंडळाच्या बायका आणि त्यांचे नवरे मिळून तीस ज्येष्ठ नागरिक एका तासात गोळा झाले होते.

चैत्रालीनं आईला पाण्याचा पेला दिला आणि ती समोर बसली. "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग की."

शैलाताईंनी पेला तोंडाला लावला. अर्धं पाणी पिऊन झालं होतं. चैत्राली त्या पेल्याकडे बघत राहिली.

"उद्या टोपी घेऊन ये," ती म्हणाली. "किनाऱ्यावर ऊन फार असतं."

दुसऱ्या दिवशी सेनांदुंगला पहिल्यांदा माणसं दिसली. चक्राच्या पाळण्यांतून कुणीतरी हात हलवत होतं. कारंज्याभोवती म्हातारे फोटो काढत होते. कॅसिनोतल्या खुर्च्यांवर खरीखुरी माणसं येऊन बसली आणि पैशांऐवजी खोट्या चकत्या लावून खेळू लागली. जिंकलेले एक चिनी आजोबा टाळ्या पिटत उभे राहिले, तेव्हा चैत्रालीला भरून आलं. आईची भीती मनात होतीच, तरीही हे गाव जिवंत झालेलं पाहून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

आई इथे आत येणार नाही, असं तिनं गृहीत धरलं होतं. जुगाराच्या जागेत पाऊल टाकणाऱ्यांतली ती नव्हे. पण बसच्या गाइडनं सगळ्यांना सांगितलं, समुद्र सर्वांत छान दिसतो तो टोकाच्या त्या काचेच्या दिवाणखान्यातून.

दोन वाजता मधल्या सुट्टीची वेळ झाली. चाळीस डीलरांनी पत्ते खाली ठेवले. ऐंशी तळहात एकदम झटकले गेले, उलटे झाले, सुलटे झाले. छतावर पाण्याचा उजेड हलत होता, आणि त्या शांततेत शुद्ध मराठीत आवाज घुमला.

"अगोबाई, शैलाताई! हे तर सगळे आपलंच करतायत!"

काचेपाशी क्षिप्राताई आणि आणखी दोघी भाविकपणे आपापले तळहात उलटसुलट करत होत्या. त्यांच्या शेजारी टोपी घातलेल्या शैलाताई उभ्या होत्या. त्यांचे हात मात्र वर आले नाहीत. त्यांनी लेकीचं काळं जाकीट पाहिलं, तिच्यासमोरचे पत्ते पाहिले, अजून हवेत असलेले तिचे हात पाहिले. मग त्या काचेचं दार ढकलून बाहेर निघून गेल्या.

चैत्रालीला वीस मिनिटांची सुट्टी होती. ती धावतच बाहेर आली. शैलाताई किनाऱ्यावरच्या नव्या बाकावर समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या.

"किती वर्षं?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"चौदा."

"आणि मी दरवर्षी येऊन तुझ्या हातचं पाणी पितेय."

"तुझा नेम मी मोडला, आई. सांगायची हिंमत झाली नाही. तू बाबांकडे बघायचीस, तशी माझ्याकडे बघशील, या भीतीनं मी गप्प राहिले. पण हे काम मला आवडतं. ते तरी आता खोटं सांगणार नाही."

समोर चक्र फिरत होतं.

"ते हात कुणाला दाखवता तुम्ही?"

"कॅमेऱ्याला. तिकडे माणूस बसलेला असतो."

"तो दर वेळी बघतो?"

"दर वेळी."

"म्हणजे बघणारं कुणीतरी आहे," शैलाताई म्हणाल्या. "तुझे बाबा संध्याकाळी दारात उभे राहून हात दाखवायचे. आठवतं?"

चैत्रालीला आठवत होतं. दोन्ही तळहात पुढे करून ते क्षणभर उंबऱ्यापाशी थांबायचे. "हो. खाऊ आणला नाही, असं सांगायचे."

"खाऊ नाही गं. आज पत्त्याला शिवलो नाही, असं मला सांगायचे. त्या दिवाळीनंतर एकदाही शिवले नाहीत. चोवीस वर्षं दाखवले त्यांनी हात. मला कळत होतं. पण चारचौघांत बोलून बसले होते, शब्द मागे घ्यायला जीभ वळेना. आज वळेल, उद्या वळेल, म्हणता म्हणता ते गेले." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेवटी मीच चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. त्यांच्या हातचं मात्र घेतलं नाही."

चैत्राली आईशेजारी बाकावर बसली.

"तहान लागलीय," शैलाताई म्हणाल्या.

चैत्राली चटकन उठली आणि आईला पाणी द्यायला क्षिप्राताईंना हाक मारायला निघाली.

"तिला कशाला हाक मारतेस? तू आण."

बाकामागे पाहुण्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा नवा नळ होता, शेजारी कागदी पेले होते. चैत्रालीनं पेला भरून आणला आणि आईच्या हातात दिला. तिचे हात रिकामे झाले आणि सवयीनं झटकले गेले, उलटे झाले, सुलटे झाले. तिनं ते घाईघाईनं मागे घेतले.

"थांब. बघू दे."

शैलाताईंनी तिचे दोन्ही तळहात नीट बघितले, आधी एक, मग दुसरा. मग पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी संपवलं.

"आणखी एक आण," रिकामा पेला पुढे करत त्या म्हणाल्या. "हा तुझ्या हातचा झाला. आता तुझ्या बाबांच्या हातचा राहिलेला दे."

चैत्राली पेला घेऊन पुन्हा नळाकडे गेली.