घराणं पेलणारा लॅपटॉप

"माझ्या दुकानातून आजवर एकही मयत उशिरा निघालेलं नाही, मामा. तुम्ही निवांत घरी जा. संध्याकाळच्या आत दुफी आजी छापखान्यात पोचलेल्या असतील."

तिवाचं हे बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, तोच टेबलावरच्या लॅपटॉपनं एक उसासा टाकला. मग जळक्या रबराचा वास आला. पडद्यावर दुफी आजी होत्या, त्या आधी हिरव्या पडल्या, मग आडव्या ताणल्या गेल्या आणि मग दिसेनाशा झाल्या.

"पुन्हा गेली?" आम्पोन्सा मामांनी विचारलं.

आम्पोन्सा मामा म्हणजे दुफी आजींचे धाकटे भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. कुमासी शहरात आईकडच्या घराण्यात मामाच्या शब्दापुढे बापाचंही चालत नाही, आणि या मामांकडे तर शब्द भरपूर होते.

तिवानं लॅपटॉप उलटा केला, पाठीत दोन चापट्या मारल्या, फुंकर घातली. दुधाच्या दोन रिकाम्या डब्यांवर ठेवून, खालून वारा घालून तिनं तो इतकी वर्षं जगवला होता. आता त्याच्या पोटातून काहीतरी सुटून खुळखुळत होतं.

"आज गुरुवार," मामा म्हणाले. "परवा माती. उद्या सकाळी भिंतीवर पोस्टर नसलं तर लोक म्हणतील, या घरात कोणी मेलंच नाही."

"लोक असं कसं म्हणतील? शव आहे की," त्यांची भाची बिरागो म्हणाली. बिरागो दुफी आजींची थोरली मुलगी. बाजारात कापड विकायची, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायची.

"शव कोण बघतंय? लोक पोस्टर बघतात."

मामांचं हे म्हणणं खरं होतं, आणि त्याला जबाबदार तिवाच होती. तरुणपणी ती केशकर्तनालयांच्या पाट्या रंगवायची. तिनं काढलेली वेणी बघून बायका आत जायच्या आणि बाहेर येऊन भांडायच्या, की पाटीवर आहे तशी झाली नाही. पुढे कॉम्प्युटर आले, तिनं तेही हाताखाली घातले आणि मेलेल्या माणसांकडे वळली. लोक तिच्याकडे ओळखपत्रावरचा फोटो आणायचे, पोलिसांनी पकडल्यासारखा चेहरा असलेला. तिवा त्या चेहऱ्यावरचा धाक पुसायची. खांद्यावर भरजरी कापड चढवायची, गळ्यात सोनं घालायची. ज्यांना जन्मात कुणी बसायला स्टूल दिलं नाही, त्यांना ती सिंहासनावर बसवायची. आणि हे सगळं इतक्या बेतानं, की घरच्यांना वाटावं, अरे, आपली आई अशीच तर दिसायची. शहरातल्या बंटामा भागात रस्त्यावर भिंतीवरून हसणारं एखादं मयत दिसलं की लोक न विचारता ओळखायचे, हे तिवाचं.

दुफी आजींनी आयुष्यभर सुके मासे विकले. त्यांचं पोस्टर हे तिवाचं आजवरचं सगळ्यांत अवजड काम होतं. मधे आजी, भोवती अख्खं घराणं. भावंडं, मुलं, जावई, नातवंडं, पतवंडं, प्रत्येकाचा वेगळा फोटो, वेगळा थर. फाइल तिनं पेनड्राइव्हवर घेऊन कमरेच्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती, म्हणून वाचली.

"नवा लॅपटॉप घ्यावा लागेल. आत्ताच," ती म्हणाली.

"मग आम्ही येतो," मामा म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"आमची बहीण ज्यात जाणार, ते आम्ही बघायला नको?"

मातीसाठी ठरवलेली मिनीबस दारात उभीच होती. दुकानाबाहेर खोळंबलेलं घराणं तिच्यात चढलं. बिरागो तिवाशेजारी बसली आणि प्रथमच आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, कांकाम उद्या उतरतोय."

कांकाम तिचा धाकटा भाऊ, इटलीत असायचा. मधल्या मामांच्या मातीला तो आला नव्हता. पैसे पाठवले, स्वतः आला नाही. मामाच्या मातीला न येणारा भाचा! आम्पोन्सा मामांनी तेव्हापासून त्याचं नाव टाकलं होतं, आणि पोस्टरवरूनही काढायला लावलं होतं.

"भिंतीवर आईभोवती सगळे दिसले आणि तो दिसला नाही, तर तो आल्या पावली परत जाईल. मी ओळखते त्याला. आईची माती तशीच होईल, मुलाशिवाय."

"मामांना बोल."

"मामांना बोलायला मामा थांबायला तर पाहिजेत."

दुकानाचं नाव होतं 'फक्त श्रद्धा ठेव लॅपटॉप दवाखाना'. नाव वाचूनच तिवानं कमरेची गाठ चाचपली. मालक एलायजा पांढरा कोट घालून बसला होता आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा.

"या, ताई, या! काय पाहिजे? टायपिंगला? पोराला? चर्चला?"

"चित्रकामाला. जड फाइल चालवणारा."

"मग हाच!" डॉक्टरनं एक रुपेरी, चपटा लॅपटॉप पुढे केला. "वजन बघा. पाव आहे नुसता."

"मला पाव नको, गाढव पाहिजे," तिवा म्हणाली आणि गाठ सोडून पेनड्राइव्ह लावला.

पडद्याच्या बाजूला नावांची लांबलचक यादी आली. प्रत्येक नावापुढे एक बारका डोळा. डोळा उघडला की माणूस पडद्यावर येतो, मिटला की जातो. तिवा एकेक पिढी उघडत चालली. आजी आल्या. भावंडं आली. मामा स्वतःला बघून ताठ उभे राहिले. मुलं आली. मग जावयांचे डोळे उघडले आणि पाव थिजला.

"काय झालं?"

"जावयांपाशी अडला."

"सगळं जावयांपाशीच अडतं," मामा म्हणाले. मागून एक जावई खाकरला.

दुसरा लॅपटॉप डॉक्टरनं कापडात गुंडाळून आणला. काळाभोर. बटण दाबलं तसा त्याच्या कीबोर्डखाली लाल दिवा पेटला. घराण्यातून एक मोठा हुंकार उठला.

"काळा आणि लाल!" मामांचे डोळे भरून आले. "बघ, पोरी, बघ. दुखवट्याचे कपडे घालूनच आलाय तो. हाच घे."

"मामा, हा खेळण्यासाठी असतो. पोरं यावर बंदुका चालवतात."

"मग मातीच्या वेळीही हवेत बंदुका झाडतातच की."

तिवानं घराणं चढवायला घेतलं. हा दमदार निघाला. जावई पार झाले, नातवंडं आली. पण त्याचा पंखा असा काही घोंघावायला लागला, की बिरागो भाजलेली केळी आणि शेंगदाणे खात होती, तिच्या हातातली सगळी टरफलं उडून डॉक्टरच्या कोटावर गेली. तिवानं पिशवीतून दुखवट्याच्या गडद लाल कापडाचा तुकडा काढून पडद्याला टेकवला. पडद्यावरच्या आजींच्या अंगावर तेच कापड होतं, आणि ते संत्र्याच्या सरबतासारखं दिसत होतं.

"हा खोटारडा आहे," ती म्हणाली.

"ताई, ताकद बघा ना!"

"ताकद आहे, नजर नाही. हा मला नारिंगी दाखवणार, मी त्याच्या भरवशावर रंग सुधारत बसणार, आणि छापून येतील तेव्हा आजी काळ्याठिक्कर."

डॉक्टरनं घड्याळाकडे बघितलं, घराण्याकडे बघितलं. घराणं आता त्याच्या खुर्च्यांवर, खोक्यांवर आणि एक पतवंड तर प्रिंटरवर बसलं होतं.

"ताई, एक सांगू? दोष लॅपटॉपचा नाही, तुमच्या फाइलचा आहे. हे सगळे थर दाबून एक करा. सपाट एकच चित्र. मग तो पाववालासुद्धा धावेल. स्वस्तात काम होईल."

"आणि नंतर कुणाला हलवायचं झालं तर?"

"आता कुणाला हलवायचंय? घराणं पूर्ण झालंय की."

तिवा हसली. "डॉक्टर, लग्न झालंय का तुमचं? पूर्ण झालेलं घराणं मी अजून बघितलेलं नाही. माणसं एकदा चिकटवून टाकली की परत सुटी होत नाहीत. मी नाही चिकटवत."

तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात गेली. एका जाड, करड्या, कोपरा चेपलेल्या लॅपटॉपवर डॉक्टरची चहाची किटली ठेवलेली होती.

"तो?"

"तो म्हातारा आहे, ताई. जर्मनीत कुठल्या तरी कचेरीत पुलांचे नकाशे काढायचा. बॅटरी मेलीय. वायर काढली की संपला."

"पूल पेलायचा ना? मग माणसं पेलेल."

किटली उतरवली. चार्जर विटेएवढा होता. मामांनी तोंड वाकडं केलं. "ही तर खिळ्यांची पेटी आहे. आमची बहीण यातून जाणार?"

तिवानं कापडाचा तुकडा टेकवला, तर आजींचं लाल आणि तुकड्याचं लाल यांच्यातली सीमा शोधावी लागली. मग तिनं डोळे उघडायला सुरुवात केली. आजी. भावंडं. मुलं. दुकानात श्वास थांबले. जावई.

"जावई पार!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. जावयांनीही वाजवल्या.

नातवंडं. पतवंडं. प्रिंटरवरचं पतवंड स्वतःला बघून खाली पडलं. म्हातारा करडा गडी न घोंघावता, न उसासता अख्खं घराणं अंगाखांद्यावर घेऊन उभा होता. तिवानं मायेनं त्याच्या चेपलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

"थांब," मामा म्हणाले. ते यादीच्या तळाशी वाकून बघत होते. "इथे एक डोळा अजून मिटलेला आहे."

मामांनी त्या बारीक नावावर बोट टेकवलं.

"हा कोण?"

"कांकाम," तिवा म्हणाली.

"मी त्याला काढून टाक म्हणालो होतो."

"हो, मामा. रोज सकाळी काढ म्हणायचात आणि जेवण झालं की फोन करून परत घाल म्हणायचात. मग झोपायच्या आधी पुन्हा काढ. म्हणून मी काढलाच नाही. नुसता डोळा मिटला."

"म्हणजे तो इतके दिवस इथेच आहे? आमच्यात?"

"आईच्या डाव्या खांद्यामागे. तिथली जागा रिकामी दिसते ना, ती त्याची."

"भारी आहे का तो?" डॉक्टरनं मधेच विचारलं. "तो पुसला तर पाववाला लॅपटॉप..."

"तू गप रे!" मामा आणि बिरागो एकदमच ओरडले.

आणि लाइट गेली.

दुकानाला खिडकी नव्हती. बॅटरी मेलेला गडी क्षणात विझला आणि आजी, भावंडं, जावई सगळे अंधारात गेले. डॉक्टर चाचपडत बाहेर जनरेटरकडे धावला. बाहेर त्याची दोरी ओढल्याचा आवाज येत होता.

"आला नाही तो," अंधारात मामांचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "माझ्या भावाला मी एकट्यानं खांदा दिला. दारात कुणी गाडी थांबवली की मी बघायचो, हा आला का."

"तो उद्या येतोय, मामा," बिरागो म्हणाली. चक्क हळू.

बाहेर जनरेटर दोनदा खोकला.

"उघड त्याचा डोळा," मामा म्हणाले.

लाइट आली. मामांनी घाईनं नाक पुसलं आणि त्यांचा नेहमीचा आवाजही लाइटबरोबर परत आला. "पण आईच्या खांद्याशी नाही! तिथे काही त्याची सोय नाही. खाली, पहिल्या रांगेत घे, आणि मला त्याच्या पुढे ठेव. सगळ्यांत पुढे. सगळ्यांत खाली, लोकांच्या डोळ्यांसमोर. तो माझ्या मागे. आणि माझा टाय सरळ कर."

"करते, मामा."

"आणि पोट आत घे."

"तेही केलंय. पहिल्याच दिवशी."

सौदा मामांनी केला. मुलीचं लग्न ठरवावं तसा केला. म्हाताऱ्याची बॅटरी मेलेली, कोपरा चेपलेला, असे एकेक दोष उच्चारून ते बसले आणि शेवटी किटलीसकट लॅपटॉप घेऊन उठले. तिवानं फ्रीजसाठी बाजूला टाकलेले पैसे फोनवरून डॉक्टरला पाठवले. तिच्या घरचे मासे अजून काही वर्षं फ्रीजऐवजी उन्हातच वाळणार होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती तिथेच, डॉक्टरच्या टेबलावर, वायर न काढता कामाला बसली. मामांना पुढे आणलं, कांकामला त्यांच्या मागे उभं केलं, आणि कुणी न सांगता त्याची मान जराशी वळवली, की तो आईकडे बघतोय असं वाटावं. नव्या गड्यानं एकदाही हूं केलं नाही. छापखाना बंद व्हायच्या आत दुफी आजी पोचल्या.

"बघितलंत?" तिवा म्हणाली. "एकही मयत उशिरा नाही."

शुक्रवारी घराच्या भिंतीवर, अगदी खालपासून पोस्टर लागलं. चिकटवायला बिरागोनं कसाव्याच्या कंदाची खळ शिजवली, चांगली घट्ट. दुपारी कांकाम टॅक्सीतून उतरला. सामान हातातच धरून भिंतीसमोर उभा राहिला. बराच वेळ. मामा दारातून बघत होते. मग म्हणाले, "बॅग खाली ठेव. हात दुखेल," आणि आत गेले.

शनिवारी सकाळी, लोक जमायच्या आधी, शेजारची शेळी ताजी खळ चाटत भिंतीपाशी आली. तिनं पोस्टर खालच्या कडेपासून आम्पोन्सा मामांच्या टायच्या गाठीपर्यंत खाल्लं, मग मान वर करून उरलेले मामाही खाल्ले. आता सगळ्यांत पुढे कांकाम उभा आहे.