आधी देवाची मूठ

मी पत्र्याचा डबा. कधीकाळी माझ्यात बिस्किटं होती. गेली तीस वर्षं मी देवाचा आहे.

म्यानमारच्या चिन डोंगरातल्या या घरात चुलीशेजारी मी टांगलेला असतो. भात शिजवताना पहिली मूठ माझ्यात पडते, मग उरलेले तांदूळ भांड्यात. शनिवारी चर्चच्या बायका येऊन मला रिकामा करतात आणि ते तांदूळ अडल्यानडल्यांच्या घरी पोचवतात. माझी धनीण सुंगतियाल म्हातारी झाली, पण एक वेळ कधी चुकली नाही. मूठ टाकताना तिचे ओठ हलायचे. बहुतेक मुलाचं नाव असायचं. तो समुद्रापलीकडे कामाला गेला. गेले सहा महिने त्याचा निरोप नाही.

यंदा बांबू फुलला. त्याची फळं खाऊन उंदीर माजले आणि शेतात उतरले. उतारावरचं भात आठवड्यात संपलं. घरातली कोठी झाडून झाली. सासू-सुना रानातले कंद उकडून खाऊ लागल्या. सून दॉत्पार सात महिन्यांची पोटुशी.

तांदूळच नाहीत तर मूठ कसली? पण सुंगतियाल ऐकेना. कंदाची एक फोड कापायची आणि माझ्यात टाकायची.

"आई, देवाचा घसा खाजेल हं," सून म्हणाली.

"खाजू दे. निदान आपली आठवण तरी राहील."

शनिवारी झाकण उघडलं आणि बायका नाक दाबून मागे सरल्या. फोडींना बुरशी आली होती. त्यांना पाणी सुटून माझा तळ गंजला होता.

"आजी, देवाला सडकं?" शेजारीण म्हणाली. मग तिची नजर रिकाम्या कोठीकडे गेली. म्हातारीनं आठवडाभर झाकून ठेवलेलं मी एका वासानं सांगून टाकलं.

संध्याकाळी त्या गावातल्या घराघरांतल्या अशाच डब्यांतले तांदूळ घेऊन आल्या. जेमतेम चार दिवसांचे. कुणाकडेच फार उरलं नव्हतं.

सुंगतियालनं हात मागे घेतले. "हे देवाचे. मी कसे खाऊ?"

"आणि इतकी वर्षं आम्हाला पोचवलेत ते कुणाचे होते? घ्या गुमान," शेजारीण म्हणाली.

तिनं घेतले, आणि सवयीनं मूठ भरली. दॉत्पारनं तिचं मनगट धरलं.

"आई, आज नको. दोन दिवस पोटातलं हललेलं नाही."

सासूची मूठ उघडली. तांदूळ भांड्यात पडले. "बरं बाई. आज तू म्हणशील तसं." एवढंच बोलून ती भिंतीला टेकली.

दॉत्पारनं भांडं चुलीवर ठेवायला उचललं आणि परत खाली ठेवलं. मग तिनं स्वतःच मूठ भरली. लहानशीच. दंड धरून कुणाला जाब विचारावा, तसं तिनं मला धरलं.

"घे," ती म्हणाली. "आता तूच बघ."

गंजल्या तळातून चार दाणे राखेत सांडले. तिनं ते वेचले, भोकात चिंधी कोंबली आणि चूल फुंकली.

याला तीन दिवस झाले. पोट अजून शांतच आहे. सुईण रोज येऊन पोट चाचपून जाते. बांबू फुलतोच आहे. उद्या तांदूळ संपतील.

बायांनो, कोठी भरलेली असताना मूठ टाकणं सोपं असतं. रिकामी झाली तरी हात आखडू नका. देव लगेच उत्तर देतो, असं मी सांगणार नाही. तीस वर्षांत मला काही ऐकू आलेलं नाही. पण आज सकाळी सुनेनं आधी मला खाली काढलं, आणि मग भांडं.