निळा फडका

"बंदुकीची नली मी खराब केली म्हणतो गिऱ्हाईक," दारात चपला काढता काढता जाफर म्हणाला, आणि हफीजाची कात्री थांबली.

सौदीतल्या हुफूफच्या एका शिकारी बंदुकांच्या दुकानात रायफली दुरुस्त करण्यात जाफरची एकतीस वर्षं गेली होती. आता ही कामं सौदी माणसांनाच द्यायची असा नियम आला आणि त्याच्या जागी यासीन नावाचा सौदी रुजू झाला. चार दिवसांनी नवराबायको कायमची रत्नागिरीला निघायची होती. नेमकं आजच एक जुनं गिऱ्हाईक आलं, आपल्या बापाची रायफल घेऊन. जाफरने ती परवाच साफ करून दिलेली. तीन गोळ्या झाडल्या तर तिन्ही तीन दिशांना गेल्या. कफीलने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, सांगून टाकलं, रायफल नीट मारेपर्यंत एक्झिटच्या कागदावर सही नाही.

हफीजाला सहीपेक्षा त्याची खाली गेलेली मान बघवेना. तिने जन्मात रायफलीला हात लावला नव्हता, पण नळीत फिरवायचे फडके तिचे होते. जुन्या बनियनी, विरलेल्या लुंग्या, सगळ्याचे ती दर जुम्म्याला दोन बोटांचे चौकोन कापायची.

धुवायला काढलेल्या त्याच्या परवाच्या शर्टाचा खिसा तिने चाचपला आणि आतला फडका बाहेर काढला.

"शेवटचा फडका कसा निघाला होता?"

"पांढरा. म्हणून तर दिली ना."

"मग हा निला कसा झाला?"

जाफर फडका घेऊन खिडकीशी गेला. कितीतरी वेळ बघत राहिला.

निळा म्हणजे नळीत तांबं उरलेलं; साफ करायच्या औषधात ते हळूहळू निळं उतरतं. गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं साध्या तांब्याच्या गोळ्या झाडल्या होत्या आणि हल्ली काळा लेप दिलेल्या. तांब्याचा थर तसाच राहिला, त्यावर काळा चढला. जाफरने वरचा काळा काढला, खालचं तांबं राहिलं आणि गोळ्या भरकटल्या. औषधाचा शेवटचा फडका रात्रभर फळीवर ठेवायचा आणि सकाळी रंग बघूनच रायफल द्यायची, ही त्याचीच रीत. परवा सामान बांधायच्या घाईत तो फडका खिशात गेला.

"माझीच चूक," तो म्हणाला.

"चूक तर चूक. नली तर शाबूत आहे ना?"

तेव्हा कुठे तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने कफीलसमोर चूक कबूल केली आणि दिवसभर नळी घासली. तिसऱ्या सकाळी फळीवरचा फडका पांढराच होता. मग माळावर जाऊन लेपाच्या पाच-सहा गोळ्या त्याने नुसत्या नळीत लेपाचा नवा थर बसायला झाडल्या. त्या इकडेतिकडे गेल्या, गिऱ्हाईक कुरकुरलं. पुढच्या तीन मात्र एका खजुराएवढ्या जागेत बसल्या. आता साध्या आणि लेपाच्या गोळ्या मिसळू नका, एवढंच जाफर म्हणाला. गिऱ्हाइकाने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दुपारी सही झाली.

निघायच्या दिवशी हफीजाने एक पिशवी यासीनला पाठवली. जाफरच्या उरलेल्या दोन लुंग्यांचे चौकोन, शंभरेक तरी असतील, कडेला कड लावून रचलेले. निरोप एवढाच होता, शेवटचा एक रात्रभर ठेवत जा.

विमानतळाच्या वाटेवर जाफर गाडीत गाढ झोपला. तिने त्याचा हात मांडीवर घेतला. नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं. पदराचं टोक ओलं करून ती एकेक नख पुसत राहिली.