जुंपून पाहिलेली गोळी

बैल घ्यायचा तर आधी जुंपून बघायचा, ही गहिनीनाथची शिस्त. दात, शिंगं, खूर सगळं ठीक असलं तरी जू मानेवर ठेवून चार पावलं चालवल्याशिवाय तो सौदा करत नसे. पाथर्डीच्या बाजारात यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अडचण एवढीच, की त्या दिवशी तो बैल नव्हे, बायकोच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला गेला होता.

दोन दिवसांनी टोळी ऊसतोडीला निघणार होती. दगडाबाईला हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या हव्या होत्या. मध्येच औषध तुटू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुकानदार सहादेवने दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. एक नेहमीची, चकचकीत. दुसरी साधी, पाव किमतीची.

"काका, औषध एकच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलंय. या कंपनीचं नाव गाजलेलं नाही, म्हणून स्वस्त."

"चांगला बैल पाव किमतीत कोन इकतंय?" गहिनीनाथ म्हणाला.

"आवो, ह्या घेतल्या तर हंगामभर पुरत्याल," दगडाबाई म्हणाली.

"आन् नुसतं पानी निघालं तर? तिकडं फडात तुला घिऊन कुटं पळू?"

बोलणं रागाचं होतं, पण जीव तिच्यासाठीच खालीवर होत होता. ती मीठ-मिरची आणायला गेली आणि सहादेव दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तशी त्याने साधी पट्टी घेतली आणि रांजणाच्या पाण्याबरोबर दोन गोळ्या गिळल्या. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. मग दुकानाच्या बाकावर हाताची घडी घालून तो गुण यायची वाट बघत बसला.

बराच वेळ काहीच झालं नाही. दगडाबाई परत आली तेव्हा तो खुशीत होता.

"बग, पानीच हाय," असं म्हणत तो तावातावाने उठला आणि पोतं कलंडावं तसा खाली आला.

समोरच्या दवाखान्यातून डॉक्टर धावत आले. त्याला आडवा करून पाय खोक्यावर ठेवले, प्रेशर तपासलं आणि काय झालं ते ऐकून चांगलेच भडकले.

"दुसऱ्याचं औषध खातात का? जिवावर बेतलं असतं."

"गोळीत ताकद हाय," गहिनीनाथ पडल्या पडल्या म्हणाला. "पर डाक्टर, महागाची खाल्ली आस्ती तर?"

"असेच पडला असता. खर्च तेवढा जास्त झाला असता."

सहादेव तोंड फिरवून हसला. दगडाबाई मात्र हसली नाही. ती पदराने त्याला वारा घालत होती.

"लई गरगरतंय गं," तो म्हणाला. "आसं वाटतंय, आता उटतच न्हाई मी."

"गेल्या साली गोळ्या सपल्या, तवा मोळी डोक्यावर आसताना मला आसंच व्हायचं," ती म्हणाली. "तुमी म्हनायचा, मोळीखालची चुंबळ नीट कर."

गहिनीनाथने लाजेने डोळे मिटून घेतले.

"सहादेवा," डोळे न उघडताच तो म्हणाला, "ह्याच सादी पट्टीच्या गोळ्या हंगामभराच्या बांद. आन् वर म्हैनाभराच्या जास्तीच्या."