त्सोनामावशीकडचं विरजण

त्या सकाळी घरात दह्याचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं. तरी वेलिका एप्रनच्या खिशात पेला घालून शेजारी त्सोनाकडे विरजण मागायला गेली.

तिच्या लेकीच्या, इस्क्राच्या नजरेला ते पडलं, पण मनापर्यंत पोचलं नाही. अंगणातल्या द्राक्षवेलीखाली टेबल मांडून ती लघवी तपासायच्या प्लास्टिकच्या लहान बाटल्यांवर नावं लिहीत होती. मूत्रपिंडांच्या आजाराचा अभ्यास करणारी मंडळी दुपारी राजधानीहून, सोफियाहून येणार होती. त्यांच्या पांढऱ्या गाडीला गावात कुणी दार उघडलं नसतं. इस्क्राला मात्र सगळी दारं उघडी होती. वाचनालयात तिच्या हातून पुस्तक नेलं नाही असं घर गावात नव्हतं. म्हणून दारोदार समजावणं, बाटल्या वाटणं, भरलेल्या गोळा करणं, आणि पुढे निकाल आले की ज्याला गरज त्याला शहरातल्या दवाखान्यापर्यंत नेऊन सोडणं हे सगळं तिच्याकडे आपसूक आलं होतं. प्रत्येक उंबऱ्यावर ती एकच वाक्य बोले, "घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं होतंच. नदीकाठच्या या गावांतल्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'ते' म्हणत. 'त्यांच्या घरात ते आहे.' पन्नाशीच्या आसपास माणूस दमायला लागे, अन्नावरची वासना उडे, तळहातांवर तांब्याची झाक चढे, आणि आत मूत्रपिंडं आक्रसून अक्रोडाएवढी होत. एका घरातली तीन माणसं जात, भिंतीपलीकडच्या घराला धक्काही लागत नसे. त्यामुळे इथे कुणी कुणाच्या तळहाताकडे बघत नाही. बघणं म्हणजे तोंडावर शिवी. फक्त सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे मुलीच्या आईशी हात मिळवताना चोरून तेवढं बघून घेतात.

अभ्यासवाले सांगत होते की दोष रक्तात नाही, पिठात होता. शेतात 'लांडग्याचं सफरचंद' नावाची वेल माजते. तिचं बी पूर्वी गव्हाबरोबरच दळलं जाई, आणि त्याचं विष वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसतं. गावाने ते ऐकून घेतलं. पण पिढ्यांची लाज एका भाषणाने थोडीच उतरते?

इस्क्राची आजी 'त्यात'च गेली होती. मावशीही.

वेलिका परत आली ती पेल्यावर हात झाकूनच.

"दही आहे की घरात," इस्क्रा म्हणाली.

"आहे. पण आंबट झालंय. तुझ्या तोंडासारखं."

"बाटली भरलीस का?"

"भरते गं. म्हातारीचा काय नळ आहे, पिळला की सुरू?" वेलिका पायरीवर टेकली. तिला दम लागला होता. "आणि तुझी?"

"माझी शेवटी. आधी गावाचं होऊ दे."

"मागच्या खेपेला ते आले, तर तुला नेमकं शहरात काम निघालं. या खेपेला गाव आधी. पुढच्या खेपेला काय, तुझं लग्न?"

"एक्कावन्नाव्या वर्षी?"

"त्याला तरी हो म्हण. बाटलीपेक्षा सोपं आहे ते."

इस्क्रा हसली नाही. आपल्या नावाची रिकामी बाटली तिने हळूच टेबलाच्या खणात ढकलली आणि उरलेल्या बाटल्या टोपलीत भरायला घेतल्या. आई बघत होती की नाही, हे तिने वळून पाहिलं नाही.

दुपारी डॉक्टर याना राल्चेवा आल्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्या एकेका बाटलीत कागदाची पट्टी बुडवत आणि रंग बघत. वेलिकाची पट्टी बुडाली, तेव्हा इस्क्राने श्वास धरून ठेवला होता. रंग बदलला नाही.

"अगदी तरण्या बाईसारखं," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांची नजर वेलिकाच्या चेहऱ्यावर रेंगाळली. "आजी, जरा हात दाखवता?"

वेलिका चुलाणापाशी लाल ढोबळ्या मिरच्या भाजत बसली होती. कोपरापर्यंत हात राखेने आणि मिरच्यांच्या रसाने माखलेले. तिने दोन्ही पंजे वर केले. "बघा की. मिरच्याच मिरच्या."

"थोडं रक्तही दिलंत तर बरं होईल."

"रक्त नको, डॉक्टरबाई. ते मला लागतं."

सगळे हसले. इस्क्रा तर गरजेपेक्षा जास्त हसली. आईच्यात 'ते' नाही, म्हणजे कदाचित आपल्यातही नसेल, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घुमत होता. संध्याकाळी दोघींनी मिरच्या सोलल्या. वेलिकाने एक मिरची मीठ लावून लेकीच्या तोंडात घातली, तिच्या गालावर लाल बोट उमटलं. "जरा पडते," म्हणून ती आत गेली. तेवढंच. त्या दिवसात याहून वेगळं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलिका हातपंपापाशी कोसळली. पाणी बादलीच्या कडेवरून वाहतच होतं.

शहरातल्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर कपाळ चोळत बाहेर आला. "हृदय बंद पडलं. पण मूळ कारण ते नाही. मूत्रपिंडं केव्हाच गेली होती. रक्तात विष साठत चाललं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काल तपासलं होतं," इस्क्रा म्हणाली. "स्वच्छ होतं."

 दुःखात माणसं काहीबाही बोलतात, हे ओळखून त्याने सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

फाटकावर, विजेच्या खांबावर आणि वाचनालयाच्या दारावर वेलिकाचा फोटो छापलेले, मृत्यूची बातमी देणारे कागद चिकटले. इस्क्रा त्यांच्याजवळून मान खाली घालून जाई. आईसाठी ती रडली, पण मोकळी रडली नाही. रडण्याच्या खाली एक दुसरंच काहीतरी होतं, बर्फगार, आणि ते रडण्याला वर येऊ देत नव्हतं. कालची स्वच्छ पट्टी खोटी ठरू शकते, तर मग खरं काय? ती भांडी रबरी हातमोजे घालून घासू लागली. तोंड धुताना डोळे मिटून घेई. पुस्तक वाचताना पान धरलेल्या बोटांवरून नजर काढून घेई. दिव्याच्या उजेडात सगळेच हात तांबूस दिसतात, असं स्वतःला सांगे, आणि सकाळच्या उजेडात ते तपासायचं धाडस मात्र करत नसे. कमरेत कळ आली की तिथल्या तिथे थिजून उभी राही. कुठे दुखतंय, उजवीकडे की डावीकडे, खोल की वर? पूर्वी ती चांगलं जेवायची. आता दोन घासांनंतर थांबे आणि विचार करी : भूक मेली का?

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधी, ती त्यासाठीचा गहू निवडत बसली असताना, डॉक्टर राल्चेवांचा फोन आला. त्यांनी आधी आईबद्दल विचारलं, नीट, घाई न करता. मग थांबल्या.

"इस्क्रा, एक विचारायचं आहे. रागावू नका. तुमच्या गल्लीतल्या सहा बाटल्या प्रयोगशाळेत एकसारख्या निघाल्या. एकसारख्या म्हणजे आकडा न्‌ आकडा सारखा. एकाच भांड्यातून ओतल्यासारख्या."

"म्हणजे?"

"म्हणजे सहा बायका नाहीत, एकच बाई आहे. आणि तिला काहीही झालेलं नाही. बाकीच्या पाचजणींबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही. त्यांतली एक तुमची आई. त्या गेल्या." फोनवर कागद सळसळला. "आणि एक तुम्ही."

"मी?"

"तुमच्या नावाची बाटली आहे ना. भरलेली."

सोमवारी परत येऊन सगळं नव्याने तपासू, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा इस्क्राने फोन ठेवला आणि अंगणात जाऊन टेबलाचा खण उघडला. खण रिकामा होता.

 ती कुंपणाच्या फटीतून शिरून थेट त्सोनाच्या स्वयंपाकघरात गेली. त्सोना डोंगराकडच्या गावातली. तिचा नवरा शहरातल्या बेकरीत होता, रोज पाव तिथून यायचा. या मातीतलं पीठ तिच्या चुलीवर कधी चढलंच नाही. ऐंशीला टेकलेली म्हातारी अजून सरपण फोडत होती.

"त्सोनामावशी, विरजण आहे?"

त्सोनाने मागे न बघता विचारलं, "कुणासाठी?" आणि मग जीभ चावली. वळली. इस्क्राचा चेहरा पाहून खुर्चीत बसली.

"कळलं वाटतं."

"सगळ्या गल्लीला देतेस?"

"मागतात गं! पेला घेऊन दारात उभ्या राहतात. पहिल्यांदा गिनका आली. तिच्या नातीची सोयरीक चाललेली. म्हणाली, मावशी, तुझं चांगलं आहे, थोडं दे. आता दह्याला विरजण देते, मग हे कसं नाही म्हणू? हे तर फुकट, वर गरमागरम." तिने हसायचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यात सोडला. "आम्हाला काय ठाऊक, सोफियात त्याचे आकडे निघतात म्हणून?"

"आईसुद्धा आली."

"आली. तिला ठाऊक होतं गं, इस्के. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. तळवे तांब्याच्या कढईसारखे झालेले. माझ्यासमोर बाही ओढून घ्यायची."

"आणि माझी बाटली?"

त्सोना एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मोठा पेला आणला होता तिने. म्हणाली, दोघींपुरतं दे. मी म्हटलं, अगं, पोरगी स्वतःच तर गावाला शिकवत फिरते, ती भरेल की. तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ती नाही भरणार. माझी पोर लहानपणापासून भित्री आहे. गावाला धीर देते, पण मागच्या खेपेला स्वतःची बाटली खणात लपवून शहरात निघून गेली. उद्या लोकांच्या लक्षात आलं तर तिला कोण दार उघडेल? तिचं राहू दे झाकलेलं."

इस्क्रा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आपण आईपासून लपवत होतो, आई आपल्यापासून लपवत होती, आणि दोघी मिळून मिरच्या सोलत होतो. तिला वाटलं आता तरी रडू येईल. आली ती भीतीच, आणि आधीपेक्षा मोठी. कारण आता तिच्यावर पांघरूण घालणारं कुणी उरलं नव्हतं.

"डॉक्टरबाई सोमवारी परत येतायत," ती म्हणाली.

"मग? आता काय करायचं?"

इस्क्रा परत जाऊन अर्धा राहिलेला गहू निवडायला बसली.

चाळिसाव्याला तिने गव्हाच्या घुगऱ्या केल्या. दुकानातला गहू, तरी दाणा न्‌ दाणा निवडला होता. त्यात साखर घातली, अक्रोड घातले. गल्लीतल्या बायका स्मशानात जमल्या. मेणबत्त्या लागल्या, पाद्रीबाबा प्रार्थना म्हणून निघून गेले. आता घुगऱ्या वाटायच्या होत्या. इथली रीत अशी की घुगरी चमच्याने हातावर घालायची, आणि घेणाऱ्याने 'देव तिला क्षमा करो' म्हणून ती तिथेच खायची. म्हणजे हात पुढे करायचा. उताणा.

इस्क्राने भांडं उचललं. गिनकाने हात पुढे केला, नेहमीसारखा, बोटं थोडी मिटून. इस्क्राने चमचा भरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान खाली न घालता शेजारणीच्या तळहाताकडे पाहिलं. उन्हात ती झाक स्पष्ट होती. गिनकाने पाहिलं की इस्क्रा पाहते आहे. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय बघतेस गं?" ती कुजबुजली.

"देव तिला क्षमा करो म्हण," त्सोना मागून म्हणाली.

"देव तिला क्षमा करो," गिनका म्हणाली आणि मूठ मिटून बाजूला झाली.

पुढचा हात. त्याच्या पुढचा. एक स्वच्छ, एक सांगता न येणारा, एक तांबूस. बायकांना कळत होतं.  रांग संपली तेव्हा भांड्याच्या तळाशी थोडी घुगरी उरली होती. त्सोनाने इस्क्राच्या हातून चमचा घेतला.

"तू घेतली नाहीस."

इस्क्राने हात मागे नेला. चाळीस दिवस तिने तो उजेडात धरला नव्हता. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. गिनका सगळ्यांत जास्त, अजून मूठ मिटलेलीच. 'घाबरण्यासारखं काही नाही,' हे वाक्य सवयीने तिच्या ओठांपर्यंत आलं. ते तिने गिळलं. मेणबत्तीच्या मागे, लाकडी क्रुसावर लावलेल्या फोटोत वेलिका जराशी हसत होती, कॅमेऱ्यापासून बाही ओढून घेतलेली.

इस्क्राने हात पुढे केला आणि उन्हात उताणा धरला. स्वतः मात्र तिकडे बघितलं नाही, फोटोकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मला भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. सोमवारी मी माझी बाटली भरणार आहे, माझ्याच हाताने, आणि मला फार भीती वाटते."