बेचाळीस माणसांची फुंकर

श्वास ही जगातली एकच गोष्ट अशी आहे, की ती ज्याची त्यानेच घ्यावी लागते आणि ज्याची त्यानेच सोडावी लागते. ती राजाला उसनी मिळत नाही आणि बापाला पोराच्या नावावर करता येत नाही. असं मोठमोठे लोक सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी कुणी वसई पूर्वेला, वालीवच्या गाळ्यांमध्ये, पंपांची ओतीव लोखंडी झाकणं घासणाऱ्या कारखान्यात नोकरी केली नसावी. तिथं बेचाळीस माणसांचा श्वास गेली सात वर्षं पास्कल एकटा सोडत होता.

पास्कल पॅकिंग खात्यात होता. राहायला माणिकपूरला, वय पन्नासच्या आसपास, आणि छाती अशी की शर्टाचं दुसरं बटण कायम शिंप्याकडे. रविवारी तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवी. लग्नाला वाजवी, सणाला वाजवी, कुणी गेलं तर शवपेटीमागूनही वाजवी. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

आता धुळीत काम करणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा तपासणी करावी असा कायदा आहे आणि कायदा चांगला आहे. डॉक्टर येतात, टेबलावर एक मशीन ठेवतात, त्याला पुठ्ठ्याची नळी लावतात आणि म्हणतात, फुंका. मशीन सांगतं की या माणसाच्या फुप्फुसांत शंभरापैकी किती दम उरला आहे. छातीचा फोटो काढणारी गाडीही यायची असते. ती दरवर्षी पुढच्या वर्षी यायची. आकडा कमी आला तर माणसाला धुळीतून बाहेर काढावं, असंही कायद्यात आहे. बाहेर म्हणजे कुठं, हे सुपरवायझर लेस्टरनं सर्वांना नीट समजावून सांगितलं होतं. बाहेर म्हणजे गेटच्या.

सात वर्षांपूर्वी ग्राइंडिंगच्या आत्मारामला खोकला झाला होता आणि तपासणी दुसऱ्या दिवशी होती. त्यानंच मास्तरला गळ घातली की माझ्या नावावर तेवढं तू फुंक. मास्तर हेल्मेट आणि मास्क घालून गेला, फुंकून आला. पुढच्या वर्षी अकरा जणांनी तीच गळ घातली. तिसऱ्या वर्षी लेस्टरनं मशीनपुढं एक पडदा लावला आणि पडद्याआड मास्तरला खुर्ची दिली. बाहेरून एकेकाचं नाव पुकारलं जाई आणि आतून फुंकर येई. डॉक्टर वयस्कर होते, डोळ्यांनी अधू आणि सहीला तयार.

एका माणसानं बेचाळीस वेळा फुंकायचं म्हणजे शेवटी दमणं आलंच. नावं वर्णमालेनं होती. त्यामुळे नोंदवहीत अ-आ-इवाल्यांची फुप्फुसं पहिलवानाची निघत आणि स-हवाल्यांची जरा बेताची. आत्मारामला दरवर्षी एकशे अठरा मिळत. धूळ पॅकिंगपर्यंत येई म्हणून खुद्द पास्कलही यादीत होता आणि ‘प’मध्ये येत असल्यानं त्याची स्वतःची छाती आत्मारामपेक्षा सात टक्क्यांनी कमी होती.

मग ब्लास्टिंगचा ज्युड गेला. रेतीच्या फवाऱ्यापुढं बारा वर्षं काढलेला माणूस. फेब्रुवारीत त्याच्या नावावर एकशे चौदा लागले आणि मे महिन्यात तो बसल्या जागी गुदमरून मेला. त्या एका वर्षात मास्तरनं ज्युडसाठी दोनदा फुंकलं: एकदा मशीनमध्ये, एकदा पेटीमागून. त्यानंतर मास्तर कमी बोलू लागला, पण खुर्चीवर बसायचा राहिला नाही. एकेचाळीस घरं होती ती.

यंदा आत्मारामची पाळी आली. फुलपाड्यात तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची बायको सुनंदा एक स्टूल घेऊन त्याच्यापुढं जिना चढते आणि दर आठ पायऱ्यांवर ते मांडते. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची नोंद पाहिली आणि सांगितलं की एवढी फुप्फुसं आमच्या पोलीस भरतीत नाहीत, गॅस झाला असेल. यंदाही एकशे अठरा लागले असते तर सोमवारी तो पुन्हा चाकावर उभा राहिला असता, आणि पुढच्या मे महिन्यात काय, हे त्याला ज्युडवरून कळलं होतं. त्याला त्याचा खरा आकडा हवा होता. बाकी काही नको होतं.

तो लेस्टरकडे गेला आणि म्हणाला, यंदा मी माझं फुंकतो. लेस्टरनं त्याला समजावलं की यादीत पहिलं नाव तुझं. तूच एकदम पडलास तर खालच्या सगळ्या नावांवर संशय. तो मास्तरकडे गेला. मास्तरनं बराच वेळ दोरी गुंडाळली आणि म्हणाला की एकाचं सोडलं तर सगळ्यांचं सोडावं लागेल, मी कुणाकुणाच्या घरी तोंड दाखवू.

शनिवारी अकराला तपासणी होती. सव्वादहाला आत्माराम पॅकिंग खात्यात शिरला आणि त्यानं मास्तरच्या कानशिलात मारली.

दुसरा ठोसा बरगडीत. तिसरा तोंडावर होता, पण मास्तरनं मान वळवली आणि तो कानावर बसला. कान फाटून रक्त कॉलरमध्ये गेलं. तीन ठोसे झाल्यावर आत्माराम खोक्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाळूत पडलेल्या बोय माशासारखा तोंड उघडंमिट करू लागला. मास्तरनं एका हातानं कान धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

पाच मिनिटांनी आत्माराम उठला. या वेळी त्यानं बावीस नंबरचा पाना उचलला होता. पहिला फटका मास्तरनं डाव्या हातावर घेतला. मनगटातून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. दुसरा खांद्यावर. मग आत्माराम पुन्हा बसला. पाना मात्र त्यानं मांडीवरच ठेवला, कारण खाली ठेवून परत उचलण्यात दम फुकट गेला असता.

“तोंडच कशाला पाहिजे तुला?” मास्तरनं विचारलं.

आत्मारामजवळ होता तेवढा वारा त्याला मारायला लागणार होता.

तेवढ्यात लेस्टर धावत आला. तो जबाबदार माणूस होता. प्रकार त्याच्या ताबडतोब लक्षात आला. “तोंड सोडून,” तो ओरडला, “तोंड सोडून कुठंही मार त्याला. तोंडाला हात लावलास तर बघ.”

ही ओरड शेडभर गेली आणि धूळखात्यातली माणसं काम टाकून आली. मास्तरचे ओठ आणि दात म्हणजे त्यांची नोकरी होती. बापाच्या अंगावर कुणी धावून गेल्यावर धावली नसती अशी ती आत्मारामवर धावली. पहिल्यानं त्याला खोक्यावरून ओढला, दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला. कुणीतरी हेल्मेटनं त्याचं डोकं ठोकलं. हेल्मेट हातात होतं, डोक्यावर नव्हतं, एवढीच सुरक्षेत कसूर झाली. आत्मारामनं पडल्या पडल्या एकाच्या पोटरीचा लचका तोडला. त्याचा सुटलेला पाना दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि आता तो ज्याच्या हाताला लागेल तो फिरवू लागला. भिंतीवरच्या ‘अपघाताविना ३१२ दिवस’ या पाटीवर रक्ताची एक चिळकांडी गेली.

गोंधळात जुने हिशेबही मिटवले जाऊ लागले. ब्लास्टिंगवाल्यांना ग्राइंडिंगवाल्यांचा पंख्यावरून राग होता. शनिवार असल्यामुळे धूळखात्याचा गूळ आलेला होता. धुळीत काम करणाऱ्याला, आणि इथं पॅकिंगवाल्यांनाही, दर शनिवारी अर्धा किलो गूळ द्यायची पद्धत आहे. गुळानं छातीतली धूळ धुतली जाते असं म्हणतात, आणि शेठना मशीनवरच्या धूळ ओढणाऱ्या हुडापेक्षा गूळ समजायला सोपा. तो असा काळा आणि कडक येई की घरी न्यायचा तर आधी हातोडीनं फोडावा लागे. त्यातली एक ढेप पोत्यातून उडाली आणि लेस्टरच्या भुवईवर बसली. भुवई उघडली. ढेपेचा टवकाही उडाला नाही.

आत्माराम आता कुणाला मारत नव्हता. तो जमिनीवर होता आणि लोखंडाची धूळ आणि रक्त यांचा तांबडा चिखल त्याच्या तोंडात जात होता. ओठ निळे पडले होते. तरी एक जण त्याच्या बरगड्यांत लाथ घालतच होता.

“पानी पाजा त्याला आधी,” पाचूबंदरचा एरॉल म्हणाला, “मंग मारा.” एरॉल कोळ्याचा मुलगा; मासळी मेली की तिचं काय होतं हे त्याला माहीत होतं.

मास्तर उठला. इतका वेळ त्यानं कुणावर हात उचलला नव्हता. त्याला ते निळे ओठ दिसले असावेत. तसे ओठ त्यानं पेटीचं झाकण लावण्याआधी एकदा पाहिले होते. त्याचा उजवा हात शाबूत होता. लाथ घालणाऱ्याच्या जबड्यावर त्यानं तो असा ठेवला की तो माणूस दोन पॅलेट ओलांडून तिसऱ्यावर जाऊन झोपला. दुसऱ्याचं नाक बसलं. तिसऱ्याला मानगुटीला धरून त्यानं गुळाच्या पोत्यावर आपटला. चौथा स्वतःच बाजूला झाला. ज्याला वाचवायला आलो तोच मारतोय म्हटल्यावर माणसांना काय करावं ते सुचेना आणि ती थांबली.

मास्तरनं आत्मारामला काखेत हात घालून बसवलं, पाणी पाजलं, तोंडातला चिखल बोटानं काढला. पंखा वळवला. अकराला वीस मिनिटं होती. आत्माराम जरा माणसाच्या रंगावर आल्यावर मास्तरनं एक खोका ओढला, त्याच्यासमोर बसला, म्हणजे तोंड आत्मारामच्या हाताच्या उंचीला आलं, आणि हनुवटी वर केली.

“मार,” तो म्हणाला. “पण एकात काम कर. दोनदा मारायचा दम तुझ्यात नाही.”

“उद्या तुला लग्नात वाजवायचंय,” आत्माराम म्हणाला.

“ढोल वाजवीन.”

लेस्टर भुवईला रुमाल लावून पुढं सरकला होता, पण एरॉलनं त्याला दंडाला धरलं. आत्मारामनं श्वास घेतला. तो घ्यायला त्याला बराच वेळ लागला आणि सगळे थांबले. मग त्यानं मूठ वळली आणि उरलेला सगळा दम घातला. मास्तर खोक्यासकट मागं गेला. ओठ दोन्हीकडून फाटला आणि पुढचे दोन दात पॅकिंगच्या भुशात पडले. ते कुणी शोधले नाहीत.

अकराला डॉक्टर आल्या. त्या नव्या होत्या. जुन्यांच्या डोळ्यांनी अखेर सहीलाही नकार दिला होता. यांचं नाव जॉयस, वय तिशीचं. त्यांनी एकेचाळीस रक्तबंबाळ माणसं पाहिली, पाटी पाहिली आणि लेस्टरकडे पाहिलं. लेस्टरनं खुलासा केला की हा प्रकार अपघातात मोडत नाही, कारण सगळं जाणूनबुजून झालं आहे.

डॉक्टरांनी आधी जखमा बांधल्या. दोघांना इस्पितळात पाठवलं. मास्तरला सांगितलं की मनगटाला प्लास्टर लागेल, तूही जा. तो म्हणाला, बघून जातो. मग त्यांनी पडदा काढायला लावला आणि पहिलं नाव घेतलं.

आत्मारामनं नळी तोंडात धरली आणि फुंकली. तीनदा फुंकली. मशीनवर एकतीस आले.

डॉक्टरांनी जुनी वही उघडली. पानभर बोट खाली नेलं, दुसऱ्या वर्षाचं पान काढलं, तिथंही नेलं. “या कारखान्यात तब्येत वर्णमालेनं उतरते,” त्या म्हणाल्या. आणि आत्मारामकडे वळून, “काका, मागच्या वर्षी एकशे अठरा. वर्षभरात काय केलंत?”

“मागच्या वर्षी मी आलो नव्हतो, मॅडम,” आत्माराम म्हणाला. “सात वर्षांत आजच आलोय.”

कोपऱ्यात मास्तर तोंडाला फडकं लावून बसला होता. डॉक्टरांनी त्याला बोलावून नळी दिली. त्यानं सवयीनं छाती भरली आणि फुंकलं. हवा दातांच्या जागेतून शिटी मारत बाहेर गेली, नळी लाल झाली आणि मशीननं काहीच दाखवलं नाही. ते पाहून बाकीचे एकेक करून निमूट रांगेत लागले.

दुपारपर्यंत एकोणीस जण धुळीतून बाहेर काढावेत असे निघाले. त्यात आत्मारामला मारणारे अकरा होते. डॉक्टरांनी लेस्टरला सांगितलं की बाहेर म्हणजे धुळीच्या बाहेर, गेटच्या नाही, आणि यातला एक जरी गेटबाहेर दिसला तर ही सात वर्षांची वही मी घेऊन जाते आहे हे ध्यानात ठेवा. वही त्यांनी पिशवीत घातली. आत्मारामच्या कागदावर एकतीस लिहिलं, विम्याच्या मंडळासाठी चिठ्ठी जोडली, सही केली, शिक्का मारला. आत्मारामनं कागद दोन्ही हातांनी घेतला. आकडा वाचला. पुन्हा वाचला. माणूस एवढ्या कमी मार्कांवर एवढा खूश झालेला डॉक्टरांनी पाहिला नसावा.

“आणखी काही त्रास?” त्यांनी विचारलं.

आत्माराम खुर्चीतून उठत होता. तो परत बसला. त्यानं मास्तरकडे पाहिलं, गुळाच्या पोत्याकडे पाहिलं, आणि श्वास जमवला.

“एक विनंती होती, मॅडम. त्या कागदात तेवढं एक लिहाल का? शनिवारचा गूळ जरा मऊ मागवा म्हणून. मास्तरला आता हा चावायचा नाही.”